कुत्रा गप्प आहे, म्हणजे दुखत नाही असे नव्हे

वारज्यात मुंबई-बंगळुरू बाह्यवळण महामार्ग वस्तीला अगदी खेटून जातो. अशा रस्त्याच्या कडेला वाहनाखाली पाय चिरडलेला कुत्रा कोणीतरी दयाळू माणूस उचलून दवाखान्यात नेतो. हाड, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांचा पुरता चुराडा झाला असेल, तर डॉक्टर पाय काढण्याचा सल्ला देतात. मोठ्या जातीच्या पाळीव कुत्र्यांवर हाडाच्या कॅन्सरमुळेही ही वेळ येते. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण कुत्री तीन पायांवर फार लवकर सावरतात. पुष्कळशी तर एक-दोन दिवसांत आधाराने उभी राहतात. खरी कसोटी असते ती पुढच्या दोन आठवड्यांची. कारण एकदा घरी आल्यावर त्याचे दुखणे ओळखणारे घरच्यांशिवाय दुसरे कोणी नसते.

आपली समजूत अशी, की दुखले तर कुत्रा केकाटेल. प्रत्यक्षात दुखणाऱ्या कुत्र्यांपैकी बरेच जण कोपरा धरून गप्प पडून राहतात. म्हणून आवाजाकडे नव्हे, वागण्याकडे पाहावे. उकाडा नसताना, बसल्या जागी तो धापा टाकतो का? झोप आलेली असूनही आडवा व्हायला घाबरतो, बसूनच डुलक्या काढतो का? थरथरतो का, जेवण नाकारतो का, टाक्यांच्या जागेकडे वळून वळून पाहतो का? एरवी मायाळू असलेला कुत्रा जवळ गेल्यावर गुरगुरतो का? ही सारी दुखण्याची भाषा आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाने कुत्र्यांचे दुखणे मोजण्यासाठी जी प्रश्नावली तयार केली, तीही अशाच निरीक्षणांवर आधारलेली आहे. शस्त्रक्रियेच्या पहिल्या रात्री मात्र थोडे विव्हळणे भुलीच्या औषधांचा अंमल उतरतानाही होते. ते थांबेना, तर डॉक्टरांना फोन करावा.

दुसरी गोष्ट औषधाच्या वेळेची. 'आज बरा दिसतोय, गोळी कशाला द्यायची?' असे म्हणून अनेक घरांत तिसऱ्या-चौथ्या दिवशीच औषध बंद होते. हे चुकीचे आहे. जखमेकडून दुखण्याचे संदेश सतत येत राहिले, की मज्जारज्जूतील पेशी अधिक हळव्या होतात. मग साधा स्पर्शही दुखू लागतो आणि तेच दुखणे आवरायला जास्त औषध लागते. म्हणून दुखणे वर येण्याची वाट न पाहता गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची असते. तो बरा दिसतो, तो त्या गोळीमुळेच. किती दिवस द्यायची ते डॉक्टर ठरवतील. आपण मनाने कमी करू नये आणि वाढवूही नये.

डॉक्टर सहसा एकाच औषधावर अवलंबून राहत नाहीत. शस्त्रक्रियेच्या वेळी मज्जातंतूभोवती बधिर करणारे इंजेक्शन, नंतर सूज व वेदना कमी करणारे मेलॉक्सिकॅमसारखे औषध आणि मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन, अशी जोडणी केली जाते. ट्रॅमाडॉल माणसाला चांगले लागू पडते, पण कुत्र्याच्या शरीरात त्यापासून वेदनाशामक घटक फारच थोडा तयार होतो. त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर राहण्याची पद्धत आता मागे पडत चालली आहे.

घरातल्या औषधांच्या डब्याला मात्र हात लावू नये. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या आपल्या नेहमीच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. गिधाडे मरू लागल्यामुळे जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली, हे अनेकांना ठाऊक असेल. माणसांसाठीची गोळी मात्र औषधांच्या दुकानात मिळते आणि तीच काही जण मायेपोटी कुत्र्याला देतात. माणसांच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल घातलेले असते, तेही कुत्र्याला विषासमान आहे. डॉक्टरांनी दिलेली सुजेवरची गोळीसुद्धा उपाशीपोटी देऊ नये आणि तिच्या जोडीला स्टिरॉइड कधीही देऊ नये. उलट्या झाल्या, शी काळी डांबरासारखी झाली किंवा त्याने खाणेपिणे सोडले, तर पुढची गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा.

औषधाइतकेच महत्त्व घरातल्या व्यवस्थेला आहे. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत फरश्या तीन पायांच्या कुत्र्याच्या वैरी आहेत. पाय घसरला, की टाक्यांना हिसका बसतो आणि चालण्याची भीती मनात बसते. त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर रबराच्या चटया किंवा न सरकणारी सतरंजी अंथरावी. अंथरूण जाड असावे, पाणी जवळ असावे. मागचा पाय काढला असेल, तर पंचाची किंवा जुन्या साडीची घडी पोटाखालून घेऊन हलका आधार द्यावा. जिन्यावरून शक्यतो उचलूनच न्यावे. पहिले दोन-तीन दिवस डॉक्टरांना विचारून कापडात गुंडाळलेला बर्फ टाक्यांच्या बाजूने पाच-दहा मिनिटे धरला, तर सूज उतरते. जखमेवर हळद, तेल काही लावू नये. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस, गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर काढू नये. तो केविलवाणा दिसला तरीही.

काही कुत्र्यांच्या बाबतीत एक वेगळाच प्रकार दिसतो. जखम भरलेली असते, पण कुत्रा एकाएकी किंचाळून उठतो आणि नसलेल्या पायाच्या जागेकडे पाहू लागतो. माणसांतही हे होते. अमेरिकन यादवी युद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉक्टर सायलस वियर मिशेल यांनी १८७१ मध्ये या आभासी अवयवाच्या अनुभवाला नाव दिले. कापलेल्या मज्जातंतूंकडून चुकीचे संदेश जात राहतात, असे त्याचे एक कारण सांगतात. कुत्रा आपला अनुभव सांगू शकत नाही, म्हणून त्याचे असे वागणे खोड समजून दुर्लक्षू नये. त्यावर औषध आहे.

पुढचा काळ उरलेल्या तीन पायांचा. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. त्यामुळे पुढचा पाय गेला, तर तोल सावरणे अधिक अवघड जाते. वजन वाढू देणे म्हणजे उरलेल्या सांध्यांवर ओझे टाकणे. दया म्हणून जास्तीची बिस्किटे देऊ नयेत. नखे आणि पंजामधले केस कापलेले असावेत. फिरवणे सुरुवातीला पाच मिनिटे, पट्टा लावून आणि गर्दीच्या वेळा टाळून करावे.

शेवटी एक साधी सूचना. एक वही ठेवावी. गोळी किती वाजता दिली, किती खाल्ले, रात्री झोपला का, एवढेच रोज लिहावे. संशय आला, तर मोबाइलवर त्याचे चालणे-बसणे चित्रित करून ठेवावे, कारण दवाखान्यात गेल्यावर भीतीपोटी कुत्रा वेगळाच वागतो. डॉक्टर त्याला दहा मिनिटे पाहतात, आपण दिवसभर पाहतो. वहीतल्या त्या चार ओळी पाहून औषध वाढवायचे की बदलायचे, हे डॉक्टरांना नेमके ठरवता येते.