आडवी रेघ

जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही दुरुस्त करायला शिकताना सोल्डरिंगची पाळी फार उशिरा येते. आधी शिकायचं ते हात कुठे घालायचा नाही. व्हॉल्व्हच्या बऱ्याच सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो. दोन पिनांचा प्लग उलटा लागला की फेज थेट चॅसीवर. म्हणून सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच चालवायचा. शिवाय सेट बंद असला तरी पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात. मला शिकवणारे काका ट्यूबभोवतीच्या अर्थच्या तारेला वायर जोडतात, तिचं दुसरं टोक लांब स्क्रूड्रायव्हरला बांधतात आणि तो ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवतात. चट्‌ असा आवाज होतो. थोडं थांबून ते पुन्हा तेच करतात. तेवढा वेळ त्यांचा डावा हात खिशात असतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्यानंतरच्या काही वर्षांत घरोघरी आलेले, लाकडी कपाटाचे आणि सरकत्या शटरचे सेट आता माळ्यावरून उतरतात. असा सेट लगेच प्लगला लावत नाहीत. आधी सिरीजमध्ये शंभर वॉटचा बल्ब. तो भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. व्हॉल्व्हचे हीटर एकामागोमाग एक जोडलेले असतात, दिवाळीच्या माळेसारखे. एक गेला की सगळे थंड.

पण खरं शिक्षण पडद्यासमोर बसून होतं. परवा आलेल्या सेटवर आवाज स्वच्छ होता आणि काळ्या पडद्यावर मधोमध एकच पांढरी आडवी रेघ. काकांनी ब्राइटनेस लगेच कमी केला, नाहीतर तेवढ्या पट्टीतला फॉस्फर जळतो. मग म्हणाले, "मीटर ठेव बाजूला. काय काय चालू आहे ते आधी सांग." रेघ उजळ आहे, म्हणजे ईएचटी, ट्यूबला लागणारे ते हजारो व्होल्ट, आहे. ती पूर्ण रुंदीची आहे, म्हणजे सेकंदाला १५,६२५ वेळा आडवा धावणारा झोत ठीक आहे. सेकंदाला ५० वेळा त्याला वरून खाली नेणारी व्हर्टिकलची बाजू तेवढी झोपली आहे. एका रेघेने अर्ध्याहून जास्त चॅसी निर्दोष ठरवली! या कामाची मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती इथे.

व्हर्टिकलचा पीसीएल८०५ बदलल्यावर चित्र उघडलं, पण खालची कडा दुमडलेलीच. त्याच व्हॉल्व्हच्या कॅथोडवरचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकला होता. तो बदलला आणि कडा सुटली.

काही जण सेट उघडला की सगळे कंडेन्सर सरसकट बदलतात. मला ते पटत नाही. जुने कागदी कंडेन्सर आणि मेन फिल्टर यांच्यावर संशय घ्यावाच, पण एकदम वीस सुटे भाग बदलले तर दोष कुठे होता ते कळत नाही, आणि त्यात सोल्डरचा एखादा डाग कच्चा राहिला तर नवाच दोष शोधत बसावं लागतं.

आता हवेतून जुनं प्रक्षेपण येत नाही. छोट्या मॉड्युलेटरमधून टेस्ट पॅटर्न सोडावा लागतो. त्यातलं वर्तुळ गोल दिसेपर्यंत हाइट आणि लिनिअॅरिटी आलटून पालटून फिरवायची. एक जुळवलं की दुसरं हलतं. काका ते अंदाज घेत, सावकाश करतात. मला अजून बराच वेळ लागतो.