पंखा कधी फिरायचा?

जुनी डिझेल गाडी घाट चढून थांबते. इंजिन बंद, तरी बॉनेटखालचा पंखा कधीकधी घरघरत राहतो. त्याला हुकूम सुटतो रेडिएटरवरच्या छोट्या स्विचमधून. आत दोन धातूंची जोडचकती असते. तापली की एक धातू जास्त प्रसरण पावतो आणि पत्र्याचं झाकण दाबल्यासारखी चकती ‘टक्’ करून उलटते. पंख्याला वीज मिळते.

स्विचवर ९२/८७ असं कोरलेलं असेल, तर ९२ अंशांना चालू, ८७ला बंद. हे अंतर नसतं, तर पंखा सतत चालू-बंद होत राहिला असता.

नवा स्विच घेताना थर्मोस्टॅटचा, म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेचा, आकडा आधी पाहाच. थर्मोस्टॅट ८८ला उघडणारा आणि स्विच ८२चा, तर पंखा उगाचच फिरत राहील, बॅटरीवर भार टाकेल.