नॉट फिट

वर्सोव्याच्या आरामनगरात सकाळी अकराच्या सुमारास वर्दळ सुरू होते. जुन्या बैठ्या घरांतून थाटलेली कास्टिंग ऑफिसं, आणि पाठीला सॅक लावून या दारातून त्या दारात जाणारी मुलंमुली. दारातून डोकावायचं आणि विचारायचं, "फिट?" आतला सहायक एकदा वर बघतो. "नॉट फिट." कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याआधीच निकाल लागलेला असतो.

जाहिरातीतले चेहरे कसे निवडतात ते बघायला मी अशाच एका खोलीत बसले होते. मागे राखाडी पडदा, दोन दिवे, तिकाटण्यावर कॅमेरा. आलेल्या माणसाने नाव, वय, उंची सांगायची, डावीउजवीकडून चेहरा दाखवायचा, मग प्रसंग करायचा. कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात होती. ब्रीफमध्ये, म्हणजे कसे चेहरे हवेत ते सांगणाऱ्या टिपणात, दोन बायका होत्या. आई : तिशीची, गोरी, 'अपमार्केट'. कामवाली : सावळी, 'मराठी लुक'. सोलापूरकडची, नाटकात मुरलेली एक मुलगी आली. तिने दोन्ही प्रसंग केले. शाळेतून चिखलात लोळून आलेल्या पोरावर आधी डोळे वटारायचे आणि मग हसू आवरायचं नाही, हे त्या दिवशी तिच्याइतकं सहज कुणालाच जमलं नाही. तिची टेप कामवालीसाठी गेली.

मी कारण विचारलं. "क्लायंट मानणार नाही." ब्रीफ प्रॉडक्शन हाउसकडून आलेलं, त्यांना एजन्सीने दिलेलं, एजन्सीला ब्रँड मॅनेजरच्या मनातलं ठाऊक असल्याची खात्री, आणि ब्रँड मॅनेजर म्हणणार की प्रेक्षकांना हेच आवडतं. या साखळीत "मला नको" असं कुणीच म्हणत नाही. त्यामुळे भांडायचं कुणाशी, हेही त्या मुलीला कळत नाही.

निवड झाली तरी रंग पाठ सोडत नाही. मेकअपच्या खुर्चीत एक शेड उजळ फाउंडेशन लागतं. मग चेहरा वेगळा दिसू नये म्हणून मान, हात, बोटांच्या पेरांपर्यंत तेच. उरलंसुरलं शूटिंगनंतर रंग सुधारताना, ग्रेडिंगमध्ये उजळतं.

नियम आहेत. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या 'आस्की'ने 2014मध्येच बजावलं, की गोरेपणाच्या उत्पादनांच्या जाहिरातींत त्वचेच्या रंगावरून कुणाला दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवायचं नाही. 2020मध्ये 'फेअर अँड लव्हली'ने नावातला 'फेअर' काढला. पण हे नियम पडद्यावर आलेल्या जाहिरातीला लागतात. जी मुलगी कधी पडद्यावर आलीच नाही, तिच्या बाजूने तक्रार कोण करणार?

वेगळे चेहरे घेणं जमत नाही म्हणावं, तर तसंही नाही. 2013मध्ये तनिष्कच्या जाहिरातीत सावळी वधू होती, तिचं दुसरं लग्न होतं आणि तिची छोटी लेक फेऱ्यांत सोबत होती. दिग्दर्शन गौरी शिंदे यांचं. 2017मध्ये विक्सच्या जाहिरातीत तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत आई म्हणून दिसल्या. तृतीयपंथी आईचं काम करायला दुसरी नटी शोधली नाही, ज्यांचं आयुष्य त्याच कॅमेऱ्यासमोर आल्या. ती जाहिरात नीरज घेवान यांनी दिग्दर्शित केली. दोन्ही जाहिराती लोकांनी डोक्यावर घेतल्या. प्रेक्षक तयार नाहीत, हे कारण माझ्या मते तेव्हाच निकालात निघालं.

मात्र अशा जाहिराती वेगळा विषय म्हणून होतात. साबण, मसाला, विमा, मोबाइल यांच्या रोजच्या जाहिरातींत जुनंच ब्रीफ फिरत राहतं. खरी निवड तिथे होते. व्हीलचेअरवरचा माणूस चहाच्या जाहिरातीत नुसता चहा पिताना मला अजून बघायचा आहे.

एजन्सीत आणि कंपन्यांत बसून ब्रीफ लिहिणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती. वय लिहा, भाषा लिहा, प्रसंग लिहा. रंग आणि 'अपमार्केट' एवढं खोडा. आणि आईचं काम जिने सर्वांत चांगलं केलं, तिची टेप आईसाठीच मागवा.