मुतखडा : कळ थांबली म्हणजे खडा गेला असे नव्हे



ठिबकच्या नळीत क्षार साचून पाणी अडते, तसेच मूत्रपिंडात क्षार साचले की मुतखडा होतो. महाड-पोलादपूरच्या उन्हात दिवसभर उसात राबायचे आणि पाणी बेताने प्यायचे, म्हणजे खड्याला आयते आमंत्रणच.

कमरेत कळ येते, दोन दिवसांनी थांबते. कुळथाचे पाणी लागू पडले असे आपण समजतो. पण खडा नळीत अडकून राहिला, तर न दुखताही मूत्रपिंड सुजते आणि हळूहळू निकामी होते. म्हणून कळ थांबली तरी सोनोग्राफी करावी.

५ मि.मी.पर्यंतचा खडा बहुधा आपोआप पडतो. नळीत अडकलेला खडा लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून, लेसरने फोडून काढतात. कापावे लागत नाही. मूत्रपिंडातला २ सें.मी.हून मोठा खडा पाठीला सुमारे १ सें.मी.चे छिद्र पाडून काढतात. ही रीत १९७६ साली स्वीडनमधून पुढे आली. पूर्वीची कुशीतली मोठी चीर आता क्वचितच लागते. बहुतेक रुग्ण थोड्याच दिवसांत घरी येतात.

खर्चाला भिऊन थांबू नये. २०१२ साली रायगडसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. तिच्यात मुतखड्याच्या शस्त्रक्रिया आहेत. रेशनकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटावे.

कळेबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एरवी लघवी पिवळी होणार नाही इतके पाणी रोज प्यावे. उसाची पाण्याची पाळी आपण चुकवीत नाही. मग स्वतःची का चुकवावी?

— ऊस विकास अधिकारी