दिवाबत्तीचा कर आणि अंधारातली शाळा

तिरोडा येथील औष्णिक वीज प्रकल्पाची धुराडी धानाच्या बांध्यांमधून फार लांबून दिसतात. प्रत्येकी ६६० मेगावॅटचे पाच संच, एकूण क्षमता ३३०० मेगावॅट. २०१२ ते २०१४ या काळात हे संच एकामागून एक सुरू झाले. वैनगंगेच्या पाण्यावर आणि बाहेरून येणाऱ्या कोळशावर चालणाऱ्या या प्रकल्पातील ३०८५ मेगावॅट वीज दीर्घ मुदतीच्या करारांनी महावितरण कंपनीसाठी बांधलेली आहे. राज्याच्या कानाकोपऱ्यात जाणारी ही वीज ज्या गोंदिया जिल्ह्यात निर्माण होते, त्याच जिल्ह्यातील ग्रामपंचायतींना पथदिव्यांचे आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना वर्गातील पंख्यांचे देयक भरताना घाम फुटावा, हा 'दिव्याखाली अंधार' या म्हणीचा शब्दशः प्रत्यय म्हणावा लागेल.

या विसंगतीवर सभांमधून नेहमी एक उत्तर दिले जाते: प्रकल्प आमच्या उशाशी आहे, तेव्हा वीज आम्हाला स्वस्त मिळाली पाहिजे. या मागणीला टाळ्या पडतात. पण ती फार पुढे जात नाही. महावितरणच्या संपूर्ण क्षेत्रात एका वर्गवारीच्या ग्राहकाला एकच दर, असे आजचे सूत्र आहे. उशाशी प्रकल्प असण्याचा न्याय लावायचा तर कोराडी, चंद्रपूर, परळी आणि कोयनेचे खोरे हे सारेच दावेदार होतील आणि ज्या जिल्ह्यात एकही संच नाही तेथील शेतकऱ्याने काय पाप केले, याचे उत्तर कोणाजवळ असणार नाही. सालेकसा किंवा देवरीच्या जंगलपट्ट्यातील गावापर्यंत तारा नेण्याचा खर्च तेथील ग्राहकांकडूनच वसूल करायचा ठरले असते, तर त्या गावांत आजही कंदीलच असता. समान दराचा लाभ या जिल्ह्याने घेतलेला आहे. तेव्हा खरा प्रश्न दराचा कमी आणि देयक कोणी, कोणत्या पैशातून भरावयाचे याचा अधिक आहे.

ग्रामपंचायतीच्या कोणत्याही कर-पावतीवर घरपट्टीच्या खाली 'दिवाबत्ती कर' अशी एक ओळ असते. गावातील रस्त्यांवर दिवे लावणे हे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार पंचायतीचे काम. त्यासाठी हा कर. नाव अगदी चोख आहे. हिशेब मात्र तसा नाही. उदाहरणादाखल चारशे घरांचे गाव घेऊ. प्रत्येक घरी वर्षाला पन्नास रुपये दिवाबत्ती कर धरला आणि शंभर टक्के वसुली झाली असे क्षणभर मानले, तर वर्षाला २०,००० रुपये जमतात. गावात साठ खांब आणि प्रत्येक खांबावर जुना, चोकसह सुमारे ८० वॅट घेणारा सोडियमचा दिवा. रोज अकरा तास. वर्षाकाठी वापर होतो १९,२७२ युनिट. युनिटला सर्व आकारांसह आठ रुपये धरले तरी देयक १,५४,१७६ रुपयांचे. कर आणि खर्च यांच्यातील ही दरी कशाने बुजत होती? तर शासनाच्या अनुदानाने. पथदिव्यांची देयके वर्षानुवर्षे जिल्हा परिषदेच्या वाटेने शासनच भागवीत आले. सरपंचाला युनिट किती जळले हे ठाऊक असण्याची गरज नव्हती आणि वीज कंपनीला मीटर चालू आहे की बंद याची फिकीर नव्हती. देयक सरासरीने निघत होते, सरासरीनेच थकत होते. दिवसाढवळ्या जळणारे पथदिवे हे ग्रामीण महाराष्ट्राचे परिचित दृश्य याच व्यवस्थेचे अपत्य आहे. दिवा अकराऐवजी चोवीस तास जळला की खर्च दुपटीहून अधिक होतो. पण ज्याच्या हातात खटका आहे त्याच्या खिशाला त्याची झळ नाही. मग खटका बंद करायला कोण उठणार?

२०२१ च्या जूनमध्ये राज्य शासनाने ही रीत बदलली. पथदिव्यांची व पाणीपुरवठ्याची देयके ग्रामपंचायतींनी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरावीत, असा निर्णय झाला. थकबाकीपोटी गावोगावचे दिवे तोडले गेले, सरपंच संघटना रस्त्यावर उतरल्या. सरपंचांचा संताप समजण्याजोगा होता. वित्त आयोगाच्या निधीतील साठ टक्के हिस्सा पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेला. उरलेल्या चाळीस टक्क्यांतून नाल्या, रस्ते, अंगणवाडीची डागडुजी आणि आता दिव्यांचे देयकही. त्यातही वर्षानुवर्षांची जुनी थकबाकी, जिच्यावर व्याज चढत राहिले आणि जिचा आकडा पंचायतीला कधी मान्यच नव्हता, तीसुद्धा याच रकमेकडे बोट दाखवू लागली. जो वापरतो त्याने भरावे, हे तत्त्व बरोबर. परंतु तत्त्व लागू करण्यापूर्वी जुना हिशेब मिटवून, प्रत्येक जोडणीला चालू मीटर बसवून, पाटी कोरी करून द्यायला हवी होती. ते न करता जबाबदारी तेवढी खाली ढकलली गेली. आडात नसलेले पाणी पोहऱ्यात येत नाही, हे मंत्रालयातील कारकुनालाही ठाऊक असते.

वरच्या उदाहरणातील गावाने सोडियमऐवजी २५ वॅटचे एलईडी दिवे लावले आणि ते वेळेवर बंद केले, तर वापर ६,०२२ युनिटांवर आणि देयक ४८,००० रुपयांच्या आसपास येते. दिवे बदलण्याचा खर्च एवढ्या बचतीतून थोड्याच काळात भरून निघेल. केंद्राने २०१५ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमाचे गणित हेच होते: गुंतवणूक सरकारी ऊर्जा कार्यक्षमता कंपनीने करावी आणि बचतीतून ती फेडून घ्यावी. नगरपरिषदांना हे जमले. तेथे अभियंता असतो, लेखापाल असतो. ग्रामपंचायतीत एकच ग्रामसेवक, तोही कित्येकदा दोन-तीन गावांचा.

पाण्याची कथा याहून अवघड आहे. पूर्वजांनी या भागात जे तलाव बांधले, आज ज्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, त्यांचे पाणी उताराने शेतात जात असे; त्याला विजेचे देयक नव्हते. आजची नळयोजना पंपावर चालते. आमगाव तालुक्यातील बनगावसारख्या प्रादेशिक योजनेत एका ठिकाणचा पंप अनेक गावांची तहान भागवतो. अशा योजनेत एका गावाने पाणीपट्टी थकवली तरी त्याचा नळ वेगळा बंद करता येत नाही. आणि सर्वांनीच थोडी थोडी थकवली की पंपाची वीज तुटून प्रामाणिकपणे भरणारे गावही कोरडे पडते. २०१९ पासून जलजीवन मिशनने गावोगाव टाक्या आणि नळ आणले. टाकी बांधण्याला निधी मिळतो, उद्घाटनाला पाहुणे मिळतात. टाकी भरण्याच्या विजेला मात्र दरमहा पैसा लागतो आणि त्याचे उद्घाटन होत नाही.

शाळांचा प्रश्न या सर्वांत लहान रकमेचा आहे आणि म्हणूनच सर्वांत लाजिरवाणा. २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि त्या पाठोपाठ शाळा डिजिटल करण्याची लाट उसळली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, शिक्षकांनी पदरचे घातले, भिंतीवर पडदा व छताला प्रक्षेपक लागला. यंत्रे लोकसहभागातून आली. पण ती चालवणारी वीज लोकसहभागातून दरमहा कशी येणार, याचा विचार कोणी केला नव्हता. समग्र शिक्षा योजनेत तीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपयांचे संयुक्त अनुदान आहे. त्यातील दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखायचा. महिन्याला पाचशे रुपये वीज देयक धरले तरी वर्षाचे ६,००० झाले. राहिलेल्या ३,००० रुपयांत खडू, नोंदवह्या, फुटलेली कौले आणि हातपंपाची दुरुस्ती. जंगलपट्ट्यातील वाड्या-टोल्यांवर अशाच लहान पटाच्या शाळा असतात. पट अर्धा असला म्हणून वर्गाला अर्धा पंखा पुरत नाही.

दराच्या बाबतीतही शाळेची वणवण झालेली आहे. काही वर्षे तिची गणना वाणिज्यिक ग्राहकांत होत असे. पाढे म्हणणारी पोरे आणि साड्यांचे दुकान एकाच पंक्तीत. वीज नियामक आयोगाने ऑगस्ट २०१२ च्या आदेशात 'सार्वजनिक सेवा' ही वेगळी वर्गवारी निर्माण केली आणि २०१५ मध्ये तिच्यात शासकीय व इतर असे दोन भाग पाडले. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६२ मध्ये पुरवठ्याचे प्रयोजन पाहून दरात भेद करण्याची मुभा आयोगाला आहेच. मात्र या वर्गवारीतही स्थिर आकार सुटत नाही. वर्ग भरो न भरो, तो लागतो.

येथे वीज कंपनीची बाजूही पाहिली पाहिजे. कंपनीने कोळशाचे, वहनाचे, पगाराचे पैसे रोखीने द्यायचे आणि वसुली मात्र 'सार्वजनिक हिताच्या' नावाखाली सोडून द्यायची, हे चालणार नाही. सोडलेली रक्कम अखेर दुसऱ्या ग्राहकाच्या दरात शिरते. कायद्याने पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्यावर जोडणी तोडण्याचा अधिकार तिला आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम ६५ मध्ये शासनाला एक वाट दाखवलेली आहे: एखाद्या वर्गाला सवलत द्यावयाची असेल, तर तिची रक्कम शासनाने कंपनीला आगाऊ द्यावी. आगाऊ, मागाहून नव्हे. उधारीचे पोते सव्वा हात रिते असते आणि या राज्यात शाळांच्या विजेचे पोते नेहमी उधारीवरच भरले गेले. जिल्हा परिषद शाळांपुरती ही तरतूद केली, तर राज्याच्या अर्थसंकल्पात तिचा भार कोणाच्या नजरेत भरण्याइतकाही असणार नाही.

सौर पॅनेल हा सध्याचा आवडता उपाय. शाळेच्या बाबतीत तो खरोखर जुळणारा आहे, कारण शाळा दिवसा भरते. मे महिन्यात शाळा बंद आणि ऊन सर्वाधिक. ती वीज वाया जाईल, अशी शंका घेतली जाते. पण आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार जादा युनिट पुढील देयकांत जमा होतात व त्यांचा शेवटचा हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस होतो. मे हा आर्थिक वर्षाचा दुसराच महिना. म्हणजे सुट्टीतली जमा जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत उपयोगी पडू शकते. अडचण तांत्रिक नसून घरगुती आहे. पॅनेलवरची धूळ पुसणार कोण, माकडांनी तोडलेली तार जोडणार कोण, इन्व्हर्टर बंद पडल्यावर तालुक्याहून माणूस आणायचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा? एकेका शाळेवर हे न सोपवता पंचायत समितीने आपल्या तालुक्यातील सर्व शाळा, अंगणवाड्या आणि पंप यांच्या विजेची एकच वही ठेवावी, एकच तंत्रज्ञ नेमावा आणि देयके एकरकमी, मुदतीत भरावीत. वेळेत भरणाऱ्याला एक टक्का सूट असते. आज ती शाळांच्या वाट्याला अभावानेच येते. ग्रामपंचायतीनेही दिवाबत्ती कराचे खाते वेगळे ठेवून, जमा किती आणि जळाले किती, हे ग्रामसभेत वाचून दाखवायला हरकत नसावी. कर वाढवायचा की दिवे कमी वेळ जाळायचे, हे मग गावच ठरवील.

सोळाव्या वित्त आयोगाची पाच वर्षे १ एप्रिल २०२६ पासूनची आहेत. गावांच्या आराखड्यांत विजेला कोणते शीर्ष मिळते ते पाहण्याची हीच वेळ आहे. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. मुख्याध्यापक कुलूप काढतात तेव्हा दाराच्या फटीतून आत सरकवलेली दोन महिन्यांची देयके जमिनीवर पडलेली असतात. त्या काळात वर्गातला एकही दिवा लागलेला नसतो, आणि अनुदानाचा पहिला हप्ता अजून यायचा असतो.