आइनस्टाइनच्या साच्यात आइनस्टाइनच सापडणार ना?

गुरुत्वीय लहरींबद्दल एक आक्षेप जाणकारही घेतात. लहरी शोधायचे साचे, म्हणजे अपेक्षित लहरींचे नमुने, आइनस्टाइनच्याच समीकरणांवरून बनवायचे आणि मग ‘आइनस्टाइन बरोबर’ म्हणायचं, ही परीक्षा कसली? पुण्याला हा प्रश्न जवळचा आहे. अफाट गोंगाटातून लहर ओळखायला कोणते आणि किती साचे लागतील, हे ठरवण्याचं पायाभूत काम संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1990च्या सुमारास इथल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत केलं.

पण 14 सप्टेंबर 2015ची पहिली लहर सर्वांत आधी हेरली ती साचे न वापरणाऱ्या पद्धतीनं. अमेरिकेतल्या दोन्ही लायगो वेधशाळांत जवळजवळ एकाच वेळी उठलेली सारखी थरथर तेवढी ती शोधत होती. खरी परीक्षा त्यानंतर झाली. सर्वांत चपखल बसणारा साचा नोंदीतून वजा केला, तेव्हा मागे नेहमीचा गोंगाट उरला. सिद्धांत ढोबळपणे चुकत असता, तर त्या शिल्लकीत चूक दिसली असती. शिवाय लहरीचे दोन तुकडे केले. ही लहर दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून आली होती. ती विलीन होण्याआधीच्या तुकड्यावरून अंतिम कृष्णविवराचं वस्तुमान आणि फिरकी काढली, नंतरच्या तुकड्यावरून पुन्हा वेगळी काढली. उत्तरं जुळली. या कसोटीत बंगळुरूच्या आयसीटीएस या संशोधन संस्थेतल्या संशोधकांचा मोठा वाटा आहे.

‘कृष्णविवरातून काहीच सुटत नाही, मग लहरी कुठून?’ असंही विचारतात. त्या आतून येत नाहीत. कृष्णविवराच्या क्षितिजाबाहेरचा, म्हणजे जिथून परत येता येत नाही त्या सीमेबाहेरचा, अवकाश-काळ हादरतो, त्याच्या या लहरी.

‘म्हणजे आइनस्टाइन सिद्ध झाला’ हेही खरं नाही. आजच्या अचूकतेत चूक सापडलेली नाही, इतकंच. पर्यायी सिद्धांत मात्र खरोखर बाद होतात. 17 ऑगस्ट 2017 रोजी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षं प्रवास केलेली लहर आणि गॅमा किरण यांत फक्त 1.7 सेकंदांचं अंतर होतं. लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा मानणारे अनेक सिद्धांत तिथेच मोडले. पर्याय मांडणं हा आइनस्टाइनचा अवमान नव्हे. आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर यांनीच 1964 साली फ्रेड हॉईल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला होता.

एक कसोटी अजून अपुरी आहे. आइनस्टाइनच्या मते लहरींची थरथर दोनच प्रकारची असते, इतर सिद्धांतांत सहापर्यंत प्रकार संभवतात. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांची दिशा जवळपास सारखी असल्यानं त्यांना हे प्रकार वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी वेगळ्या दिशेच्या आणखी वेधशाळा हव्यात. इटलीतली व्हर्गो त्यात मदत करते, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023मध्ये मंजुरी दिली आहे.