घरगुती अंकीय गणित्रातील दोषांचा शोध

पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग पर्जन्यछायेत मोडतो, आणि इंदापूर तालुक्यातील शेळगाव याच पट्ट्यात वसलेले आहे. अशा ठिकाणी पाऊस १० मिलिमीटर झाला की ३०, हा प्रश्न पेरणीच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हे. कलत्या पात्राच्या पर्जन्यमापकात ०·२ मिलिमीटर पाऊस साठला की पात्र एकदा कलते. त्यावरील चुंबकामुळे एक कळ क्षणभर मिटते व एक विद्युत् स्पंद निर्माण होतो. हे स्पंद मोजणारे अंकीय गणित्र सुटे भाग आणून घरी जोडता येते. मात्र ते चुकू लागले म्हणजे एकामागून एक भाग बदलीत जाण्याकडे साधारणतः प्रवृत्ती होते. वस्तुतः गणित्र कसे चुकते, यातच दोषाचे स्थान बहुधा सूचित झालेले असते.

प्रथम मंडलाचे दोन भाग कल्पावेत : स्पंद देणारा व स्पंद मोजणारा. कळ सोडवून तिच्या जागी '५५५' या संकलित मंडलाने सेकंदास एक असे स्वच्छ स्पंद द्यावेत. गणना बिनचूक झाल्यास दोष कळीकडे आहे. न झाल्यास तो गणित्रातच आहे, असे समजावे.

गणित्रातील दोषांची लक्षणे निश्चित असतात. '७४९०' हे दशमान गणित्र घेतल्यास, त्याची ६ व ७ क्रमांकांची टोके मोकळी राहिली तर दर्शकावर ९ हा अंक स्थिर राहतो. ती टोके भूमीस जोडली, परंतु २ व ३ ही मोकळी राहिली, तर ० स्थिर राहतो. याचे कारण असे की, या जातीच्या मंडलात मोकळे टोक सामान्यतः '१' असेच मानले जाते. दर्शक ०, १, ०, १ एवढेच दाखवीत असेल, तर टोक १२ व टोक १ यांमधील जोडणी तपासावी. २, ३, २, ३, ६, ७, ६, ७ असा क्रम येऊन पुढे विचित्र आकृती दिसू लागल्या, तर '२' या मूल्याची तार विसंकेतकाकडे जाताना तुटली आहे, असे अनुमान करता येते. तत्पूर्वी पुरवठ्याचा दाब ४·७५ ते ५·२५ व्होल्ट आहे, याची खात्री करून घ्यावी.

पात्र एकदा कलले असता गणना दोन-तीनने वाढत असेल, तर ते कळीच्या कंपनाचे लक्षण होय. धातूची पाती मिटताना काही काळ थरथरतात, आणि गणित्र प्रत्येक थरथर मोजते. १० किलोओहमचा रोधक, १ मायक्रोफॅरडचे धारित्र व त्यांपुढे '७४एचसी१४' हे श्मिट द्वार योजल्यास सुमारे १० मिलिसेकंदांचा विलंब मिळतो व हा दोष नाहीसा होतो.

पाऊस नसताना गणना वाढत असेल, तर शेजारच्या कृषिपंपाकडे लक्ष द्यावे. पात्र हाताने स्थिर धरून पंप सुरू करावा. स्टार्टरच्या ठिणगीसरशी अंक पुढे सरकला, तर कळीची लांब तार गणित्रापासून सोडवून तोच प्रयोग पुन्हा करावा. दोष थांबल्यास तो तारेतून शिरत होता. मग दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्यावा, अथवा आवरणयुक्त तार वापरावी. दोष तसाच राहिल्यास गणित्र बॅटरीवर चालवून पाहावे. त्यायोगे तो थांबला, तर दोष पुरवठ्यातून येतो. तेव्हा प्रत्येक संकलित मंडलाच्या पुरवठा-टोकांलगत ०·१ मायक्रोफॅरडचे धारित्र जोडावे.

दुरुस्तीची अंतिम कसोटी मात्र पाण्यानेच घ्यावयाची असते. पर्जन्यमापकाच्या मुखाचा व्यास २० सेंटीमीटर असल्यास १० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ३१४ मिलिलिटर पाणी होय. तेवढे पाणी सावकाश थेंबाथेंबाने ओतावे, आणि पात्राचे कलणे डोळ्यांनीही मोजावे. दोन्ही गणना जुळून ५० च्या आसपास आल्या, तरच नोंदवहीतील आकड्यावर विसंबावे. गणित्र व डोळा यांत तफावत आढळल्यास दोष मंडलात आहे. दोघांचे एकमत असून आकडा चुकत असेल, तर दोष पात्रात आहे, आणि तेथे डाग देण्याची कातर कामास येणार नाही.